डोळ्यांच्या तपासणीत गाण्याचं काय काम?

माझी भाची साडेतीन वर्षांची असताना बेळगावच्या एका दवाखान्यात तिच्या डोक्याला तीन वायरी चिकटवून तिला काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पडद्यासमोर बसवलं. खोलीत अंधार. तपासणाऱ्या बाई कानडी बोलणाऱ्या. "इल्ली नोडु पुट्टी, इल्ली नोडु," म्हणजे इकडं बघ, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या पोरांना एवढं कानडी कळतंच. भाचीलाही कळलं, आणि ती बघायला लागली, पण बाईंच्या तोंडाकडं. आवाज तिथून येत होता ना! पडदा राहिला बाजूला. मागून माझी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, ओरडली, "कुठं बघूलीस गे?" तशी पोर वळून आईकडं बघू लागली.

तासाभरानं कागद हातात आला. मुलीचं सहकार्य नाही, निष्कर्ष काढता येत नाही, पुन्हा या.

महिनाभरानं दुसरीकडं गेलो. तिथल्या बाईंनी वायरी हातात घेण्याआधी विचारलं, "घरी काय ऐकती ही? कुठलं गाणं लावलं की गप बसती?" मला वाटलं, पोरीला रमवायला विचारतायत. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी त्या प्रश्नात तपासणीचंच विज्ञान दडलंय हे माझ्या ध्यानात आलं नाही. नंतर समजून घेतलं, ते इथं मांडतो.

मुळात अडचण काय आहे बघा. मोठ्या माणसाची नजर तपासायची तर भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगतात. हा तक्ता हर्मन स्नेलन या डच डॉक्टरनं 1862 साली काढला. त्यात वाचणारा साक्षर आहे, ऐकणारा आहे आणि खरं बोलणारा आहे, असं धरलेलं असतं. तीन वर्षांच्या पोराला यातलं काही लागू नाही. आपल्या भागात तर तक्ता कुठल्या भाषेतला हाही घोळ. म्हणून अक्षरांऐवजी चित्रं आली. फिनलंडच्या डॉक्टर लेआ ह्युवारिनेन यांनी 1976 साली सफरचंद, घर, गोल आणि चौकोन अशा चार आकृत्यांचा तक्ता केला. पोरानं तोंडानं नाव घ्यायचीसुद्धा गरज नाही, हातातल्या कार्डावर तसंच चित्र दाखवलं की झालं.

पण काही वेळा तेवढ्यानं भागत नाही. माझ्या भाचीचा डावा डोळा किंचित तिरका होता आणि चष्मा लावूनही त्याची नजर वाढत नव्हती. डोळा वरून स्वच्छ, डोळ्याच्या आतला पडदाही ठीक. मग गडबड डोळ्याकडून मेंदूकडं जाणाऱ्या वाटेत आहे का, हे बघायला डॉक्टरांनी व्हीईपी नावाची, बघताना मेंदूत उठणारी वीज मोजायची तपासणी सांगितली. जे मूल बोलतच नाही, जे दिवस भरायच्या आधी जन्मलंय, ज्याच्या मेंदूला जन्मताना इजा झालीय, अशांसाठीही ही तपासणी करतात.

या वयात घाई का, तेही इथंच सांगतो. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोघांनी मांजराच्या पिल्लांवर प्रयोग केले. लहानपणी काही आठवडे एक डोळा बंद ठेवला तर पुढं तो उघडूनही पिल्लाला त्या डोळ्यानं नीट दिसत नाही, कारण मेंदूनं त्या डोळ्याची जागा दुसऱ्याला देऊन टाकलेली असते. त्यांना 1981 चं नोबेल मिळालं. माणसाच्या पोरातही असंच होतं, फक्त मुदत काही वर्षांची असते. आपल्याकडं याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर फायदा चांगला होतो, नंतर तो कमी होत जातो. त्यामुळं "पुन्हा या" हे दोन शब्द दिसायला साधे वाटले तरी प्रत्येक "पुन्हा"मध्ये त्या मुदतीतला वेळ जातो.

आता व्हीईपी. डोळ्यावर पडलेली प्रतिमा नसेतून मेंदूच्या अगदी मागच्या भागात पोचते, मानेच्या वर कवटीला जो उंचवटा लागतो त्या बाजूला. तिथं डोक्यावर एक छोटी धातूची वाटी पेस्टनं चिकटवतात, एक कपाळाच्या वर, आणि एक आणखी. समोरच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी असतात. काळ्याच्या पांढऱ्या, पांढऱ्याच्या काळ्या, अशा त्या सेकंदाला 2 वेळा उलटतात. प्रत्येक वेळी मेंदूच्या त्या भागात विजेची एक बारीकशी लाट उठते. मोठ्या माणसात तिचं टोक साधारण 100 मिलिसेकंदांनी येतं, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात. तान्ह्या बाळात बऱ्याच उशिरा येतं आणि वाढत्या वयाबरोबर ते अलीकडं सरकतं. टोक उशिरा आलं तर नसेची वाट खराब असू शकते, लाट बुटकी आली तर मेंदूपर्यंत पोचणारं कमी पडतंय असं समजतात. अक्कानं पहिल्या दिवशी तीनदा विचारलं होतं, "करंट देत न्हाईत न्हवं?" नाही. वायरी वीज देत नाहीत, डोक्यातली मोजतात.

आणि ती मोजणी फार नाजूक. ही लाट साधारण 10 मायक्रोव्होल्टची. घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, त्याचा दीड लाखावा भाग! मेंदूत त्याच वेळी इतर हजार कामांची वीज चालू असते आणि ती या लाटेच्या कितीतरी पट मोठी असते. मग ही एवढीशी लाट शोधायची कशी?

अनंत चतुर्दशीच्या रात्री कपिलेश्वर तलावाकडं चाललेली मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. ढोल, डॉल्बी, फटाके, घोषणा. त्या कल्लोळात एक म्हातारबाबा टाळ घेऊन चाललेत आणि त्यांचा नियम एकच, कार्यकर्त्यानं शिट्टी मारली की लगेच एक टाळ. तुम्हाला तो टाळ ऐकू येणं शक्य नाही. पण समजा सगळी मिरवणूक रेकॉर्ड केली, प्रत्येक शिट्टीपासून पुढचा अर्ध्या सेकंदाचा तुकडा कापला आणि असे 64 तुकडे एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली. फटाका एका तुकड्यात सुरुवातीला वाजलेला असेल, दुसऱ्यात शेवटी, तिसऱ्यात नसेलच. असे वेडेवाकडे आवाज एकमेकांना मारतात. टाळ मात्र प्रत्येक तुकड्यात त्याच जागी आहे, तो टिकतो. 64 तुकड्यांची सरासरी काढली की गोंगाट 64 च्या वर्गमुळाइतका, म्हणजे 8 पटीनं खाली येतो. व्हीईपीचं यंत्र हेच करतं. चौकटी उलटणं ही त्याची शिट्टी.

आता म्हातारबाबा मध्येच चहा प्यायला गेले तर? निम्म्या शिट्ट्यांना टाळ वाजलाच नाही, तर सरासरीत टाळ निम्मा होईल. पोरानं निम्मा वेळ छताकडं बघितलं तर लाटेची उंचीही अशीच निम्म्यावर येते. यंत्राला काय माहीत पोर छताकडं बघत होतं? कागदावर लाट बुटकी दिसते आणि कुणी बेसावध असेल तर चांगल्या नसेला दोषी ठरवून मोकळा होतो. याहून फसवा प्रकार म्हणजे डोळे पडद्यावर पण लक्ष भलतीकडंच. आपण वर्गात बघतोच की, पोर फळ्याकडं टक लावून बसलेलं असतं आणि मनानं गोट्या खेळत असतं. अशा वेळी डोळ्यातल्या भिंगाची पकड सुटते, चौकटी अंधूक होतात. अंधूक चौकटींना मेंदूचं उत्तरही कमी आणि उशिरा येतं, बारीक चौकटींना तर जास्तच. उशीर म्हणजे नसेचा दोष, असंच ना आपण वर म्हटलं? त्यामुळं नुसतं आळसावलेलं पोर कागदावर आजारी दिसू शकतं. या तपासणीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांतही मुलाच्या नजरेवर लक्ष ठेवायला आणि ती ढळली की नोंद थांबवायला सांगितलंय.

एकूण वेळ किती लागतो? 64 वेळा उलटायला 32 सेकंद. एका डोळ्याला मोठ्या चौकटी आणि बारीक चौकटी, प्रत्येक दोनदा. दोन्ही डोळे धरून आठ फेऱ्या, म्हणजे सव्वाचार मिनिटं. एवढंच! पण ही सव्वाचार मिनिटं निव्वळ बघण्याची आहेत. ती गोळा करायला तास जातो, आणि एवढं करूनही आमच्यासारखी माणसं मोकळ्या हातानं गावाकडची बस धरतात.

गाणं लागतं ते इथं. मला आधी वाटायचं, मोबाइलवर कार्टून लावून पडद्याजवळ धरलं की काम फत्ते. चूक. कार्टून डोळ्यांनाच ओढून घेतं आणि आपल्याला तर डोळे चौकटींवर हवेत. काही ठिकाणी चौकटींच्या मधोमध छोटं चित्र दाखवायची सोय असते, तिथं गोष्ट वेगळी. गाण्याचं तसं नाही. ते डोळ्यांकडं काहीच मागत नाही. कानाला काम देतं. आणि लहान पोराचा कान रिकामा राहिला तर तो काम शोधतो. दार वाजलं, बाहेर टोकन नंबर पुकारला, कुणाची चप्पल घासली, की मान वळलीच. अंधाऱ्या, गप्प खोलीत तर सुईसुद्धा ऐकू येते. ओळखीचं गाणं चालू असलं की हे बारीकसारीक आवाज त्याखाली बुडतात. भीतीही कमी होते, कारण खोली परकी असली तरी आवाज घरचा असतो. घाबरलेलं पोर अंग आखडतं, रडतं, वायरी ओढतं. रमलेलं पोर मांडीवर सैल बसतं.

मात्र गाणं कुठून येतंय याला फार महत्त्व आहे. आवाज आला की तिकडं वळणं हे माणूस जन्मतःच शिकून आलेला असतो. मेंदूच्या मधल्या भागात एक छोटं केंद्र आहे, तिथं आवाजाची दिशा आणि नजरेची दिशा यांचा हिशेब एकत्र होतो. म्हणूनच आमची पहिली फेरी वाया गेली. बाई बाजूला, आई मागं, आणि पडदा पुढं मुका! दुसऱ्या ठिकाणी बाईंनी जागाच बदलल्या. मला म्हणाल्या, "मामा, तुम्ही मांडीवर घ्या." मग अक्काला, "अक्का, तुम्ही पडद्याच्या मागं जावा." (अक्का हा शब्द कानडीतही तोच. एवढा एक पूल आमच्यात आयताच बांधलेला आहे.) आता आवाज आणि चौकटी एकाच दिशेला आल्या. आईला शोधायला पोर जिकडं बघणार तिकडंच पडदा.

पण गाणं कुठलं? इथं आमची गंमत झाली. सुळेभावीला जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा हा मुलूख, पण साडेतीन वर्षांच्या पोरीपुढं कुणाचं काय चालतंय? तिला पाठ काय, तर गणपतीची आरती. अक्कानं पडद्यामागून आरती धरली. पोरगी खूश, नजर पक्की पुढं, आणि दोन्ही हातांनी टाळ्या सुरू. शिवाय तोंडानं तार सप्तकात साथ. यंत्रावरची रेघ वेडीपिशी झाली. हात, जबडा, मान, सगळ्या स्नायूंची हालचाल म्हणजे वीजच, आणि ती त्या बारीक लाटेपेक्षा कितीतरी मोठी. मागची वाटी तर मानेच्या स्नायूंच्या शेजारीच असते. ठरावीक मर्यादेबाहेर उसळलेला तुकडा यंत्र आपोआप फेकून देतं. आरती संपली तेव्हा हाती लागलेले तुकडे बोटांवर मोजण्याइतके.

मग अक्कानं दुसरं टोक गाठलं, अंगाई. तेही नको. पेंगुळलेल्या मेंदूच्या मागच्या भागात संथ, मोठ्या लहरी उठतात, म्हणजे नेमकं जिथं आपण कान लावून बसलोय तिथंच डॉल्बी सुरू. आणि पापण्या मिटल्या की चौकटींची तपासणी संपलीच. झोपलेल्या बाळाची तपासणी मिटल्या पापण्यांवर प्रकाशाचा झोत टाकून करता येते, पण तिच्यातून एवढंच कळतं की उजेड मेंदूपर्यंत पोचतो. किती बारीक दिसतं ते कळत नाही.

मधलं सापडलं ते अक्काच्या सासूबाईंचं, जात्यावरच्या ओवीच्या चालीवरचं गुणगुणणं. शब्द कमी, चाल ओळखीची, टाळी वाजवायचा मोह नाही आणि झोप यावी इतकी संथही नाही. त्यात बाईंनी आणखी एक युक्ती केली. पोरीची नजर ढळली की त्या हात वर करायच्या. अक्का तिथंच थांबायची, यंत्रही थांबायचं. ओवी का थांबली म्हणून पोर पुन्हा पुढं बघायची, की दोन्ही सुरू. चार-पाच वेळा असं झाल्यावर तिला व्यवहार समजला. मी बघितलं तर गाणं चालतं. सहा महिन्यांच्या बाळालाही हा सौदा कळतो म्हणे, आणि घरात खुळखुळा वाजवणारे आजोबा असतील तर त्यांना हे सांगायची गरज नाही.

एक खुलासा करतो, कारण गावात लगेच वेगळीच बातमी पसरते. गाण्यानं नजर वाढत नाही. आळशी डोळ्यावर चष्मा, पट्टी, व्यायाम, जे डॉक्टर सांगतील तेच. गाण्यामुळं पोराचं खरं उत्तर यंत्रापर्यंत पोचतं, बस. आणि सगळ्या पोरांना ते चालतंच असंही नाही. काही मुलांना आवाजाचाच त्रास होतो, ती कानावर हात ठेवतात. त्यांना शांत खोलीच बरी.

बाकीच्या तपासण्यांत गाण्याची जागा बदलते. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर डोळ्यात पट्टीसारखा उजेड फिरवून चष्म्याचा नंबर काढतात, तेव्हा पोरानं लांब बघायला हवं. जवळ बघितलं की डोळा जोर लावतो आणि नंबर चुकतो. म्हणून तिथं गाणं खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. नजरेचा परीघ मोजायच्या यंत्रात ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं, तिथं ठेक्याचं गाणं मी तरी लावणार नाही. पोरं ठेक्यावरच बटण दाबतील, आणि यंत्र मध्येच काही न दाखवता थांबून असं उगीच दाबणं पकडतं. तक्ता वाचताना तर गाणं नकोच, उत्तर ऐकू यायला हवं.

शाळेतल्या तपासणीत मात्र मी एक करतो. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत, अंगणवाड्यांत येतात. इंग्रजी 'ई'सारख्या आकृतीची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते हातानं दाखवायचं असतं. आमची पोरं रांगेत पुढच्याचं ऐकून पाठ करतात, तो भाग वेगळा. पण निम्म्यांना खेळच कळलेला नसतो आणि ती नापास होतात. म्हणून आदल्या दिवशी लेझमीच्या ठेक्यावर वर, खाली, डावीकडं, उजवीकडं असा हात फिरवायचा सराव घेतो. तपासणीच्या दिवशी ठेका बंद, फक्त हात.

व्हीईपीला न्यायचं असेल तर घरच्यांनी थोडी तयारी ठेवावी. आदल्या दिवशी पोराचं डोकं शाम्पूनं धुवा आणि तेल लावू नका. आमच्याकडं पोराला परगावी न्यायचं म्हटलं की आजी पहिली तेलाची बाटलीच काढते, आणि तेलकट डोक्यावर वाट्या चिकटत नाहीत. चष्मा असेल तर सोबत हवाच, तो लावूनच चौकटी दाखवतात. डोळ्याची बाहुली मोठी करायचं औषध आधी घातलेलं असेल तर ते सांगा. अ‍ॅट्रोपिनच्या मलमाचा अंमल दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो आणि तेवढ्या काळात ही तपासणी नीट होत नाही. पोट भरलेलं असावं, झोप झालेली असावी. गाणं मोबाइलवर असेल तर आधी उतरवून ठेवा, आतल्या खोल्यांत रेंज मिळेलच असं नाही. आणि मोबाइल चार्जिंगला लावून वायरींजवळ ठेवू नका, घरच्या विजेची सेकंदाला 50 वेळा होणारी थरथर त्या रेघेत घुसते.

भाचीचा कागद त्या दिवशी पूर्ण झाला. दोन्ही डोळ्यांच्या लाटा वेळेवर होत्या, डावीकडची थोडी बुटकी. नस ठीक, डोळा आळशी. उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला सांगितलंय. पट्टी लावली की ती पहिल्या दिवसापासून आजीला म्हणते, "ओवी म्हण." आजी म्हणते, आणि दोन तासांत गळा बसतो. आता अक्कानं पट्टीच्या वेळी रेडिओ लावायचं ठरवलंय. ओवी पुढच्या तपासणीसाठी राखून ठेवलीय.